विलायती गाडीची खांदशेकणी

डोणगाव, ता. मेहकर
शनिवार, पोळ्यानंतरचा पाचवा दिवस, १९६७

आदरणीय शंकरराव भाऊजींना धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे इंद्रभानचा, मनापासून जयभीम.

आम्ही इकडे सारे धडधाकट आहोत. तुमचा गुडघा कसा आहे ते कळवावे. जनकाताईचा खोकला थांबला का, की मुंबईच्या दमट हवेत त्याने तिथेच मुक्काम टाकला? तिला सांगा, तिने लावलेल्या लिंबाला यंदा एवढी लिंबे आली आहेत की शेजारीपाजारी आम्ही दिसण्याआधीच दारे लावून घेतात. परळच्या मोटार कारखान्यात तुम्हाला फोरमन केल्याचे समजले तेव्हा मी पेढे वाटले आणि वाटता वाटता ओट्यावर दहा मिनिटे बोललोही. (सिंधू म्हणते पाऊण तास. बायकांना घड्याळाचा फार पुळका.) मागच्या चार ओळींच्या पत्रात तुम्ही दोन ओळी मला 'मुद्द्याचे लिहीत जा' हे सांगण्यात खर्च केल्या होत्या. ती आज्ञा मी डोळ्यांपुढे ठेवली आहे. आज मुद्द्याचेच लिहितो. मुद्दाच लांब आहे, त्याला माझा इलाज नाही.

मुद्दा असा की उकंडराव हा माणूस थोर आहे आणि उद्या, रविवारी सकाळी, त्याचे नाक साऱ्या गावासमोर कापले जाणार आहे.

उकंडराव तुम्हाला आठवत असेल. दर पोळ्याला गावातल्या निम्म्या बैलांची शिंगे रंगवतो तोच. मधली आठ वर्षे तो मेहकरला एसटीच्या कारखान्यात होता. तिथून परतल्यावर गेली दोन वर्षे तो आपल्या अंगणातल्या चिंचेखाली पंप, इंजिने आणि फटफट्या दुरुस्त करतो. पाऊस आला की काम बंद. एसटी थांब्याजवळ हिंमतराव देशमुखांची टिनाची एक शेड रिकामी पडली आहे. त्या शेडीकडे उकंडराव ज्या नजरेने पाहतो, त्या नजरेने मी फक्त ग्रंथालयांकडे पाहिले आहे.

आता हिंमतरावांची गाडी. खामगावच्या कोणा कापसाच्या जिनवाल्याचा मुलगा परदेशी निघून गेला आणि त्याची दोन माणसांची उघडी विलायती शर्यतीची गाडी जिनिंगच्या गोदामात चार वर्षे सरकीखाली पडून राहिली. हिंमतरावांनी ती आणली. भाऊजी, मी समतावादी आहे, चैनीच्या वस्तूंवर मी दोन तालुक्यांत कडाडून बोललो आहे, पण ती गाडी पाहून माझेही शब्द गेले. हिरवीगार, जमिनीला बिलगलेली, उडी मारायच्या बेतात बसलेल्या मांजरीसारखी. चाके सायकलीसारखी तारांची, पण तारा दाट. आणि त्या तारांमधून आतले सारे दिसते, हीच पुढच्या रामायणाची सुरुवात. हिंमतराव म्हणाले, आतले लोखंड गंजले आहे, गाडी पोळ्याला मिरवायची तर ते चमकले पाहिजे. त्यांनी दहा माणसांसमोर उकंडरावाला शब्द दिला: पोळ्याला गाडी चमकली तर शेड तुझी.

तुम्हाला मोटारीतले शिकवणे म्हणजे उद्धटपणा, पण जनकाताई हे पत्र वाचणार म्हणून सांगतो. ताई, या गाडीच्या पुढच्या चाकांमागे एक पोलादी तबकडी चाकाबरोबर फिरते. तिला दोन्ही अंगांनी धरणारी लोखंडी पकड असते. पाय दाबला की पकड आवळते आणि गाडी थांबते. साहेब लोक तिला कॅलिपर म्हणतात. उकंडराव तिला सांडशी म्हणतो, आणि तू चुलीवरून पातेले उतरवतेस ते आठवलेस तर त्याच्याइतके बरोबर नाव साहेबालाही सुचले नाही हे तुला पटेल.

पहिले दोन दिवस त्याने सांडशीला हात लावला नाही. नुसता समोर उकिडवा बसून, न पेटवलेली विडी तोंडात धरून, तिच्याकडे पाहत राहिला. तिसऱ्या दिवशी ओंडक्यांवर गाडी चढवून चाके काढली आणि सांडशी सोडली, ती आधी सुतळीने वर बांधून, की तिच्या भाराने तेलाची नळी ताणली जाऊ नये. "लेकराची मान धरा लागते तसं," असे म्हणाला. मग नळी सोडून तिच्या तोंडात पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काडीचा तासलेला दट्ट्या बसवला. आतली रबरी कडी काढून स्पिरिटने पुसली आणि बायकोच्या बांगड्यांच्या डब्यात ठेवली. घासलेट जवळसुद्धा येऊ दिले नाही, कारण या रबराला घासलेट लागले की ते फुगते. मी विचारले, हे कुणी शिकवले? म्हणाला, "एकदा फुगलं होतं." भाऊजी, आमच्याकडे चुकीवर पांघरूण घालणारे विद्वान पुष्कळ आहेत. चूक गुरू मानणारा मी हा एकच पाहिला.

गंज निघाला तसे सांडशीवर उठावाची इंग्रजी अक्षरे दिसू लागली. उकंडरावाला इंग्रजी येत नाही. त्याने ती अक्षरे पाटीवर उतरवून माझ्याकडे आणली. मी सांगितले, करणाऱ्याचे नाव आहे आणि एक आकडा आहे, काही महत्त्वाचे नाही. तो परत गेला आणि दिवसभर बाभळीच्या काट्याने एकेका अक्षराच्या कडेचा गंज कोरत बसला. संध्याकाळी म्हणाला, "कोन्या तरी कारागिराचं नाव हाय नं भाऊ. आपन कसं मिटवाचं?" मी अक्षरांवर शंभर भाषणे केली असतील. त्या संध्याकाळी मात्र घरी येऊन गप्प बसलो. (सिंधूने कपाळाला हात लावून ताप पाहिला.)

मग रंग. हिंमतरावांना लाल हवा होता. म्हणाले, "बैलाची शिंगं लाल, तं गाडीची सांडशी काऊन नाही?" उकंडराव म्हणाला, "शिंगं तापत नाहीत, भाऊसाहेब. हे तापते. तव्याले कोनी लाल रंग देते का?" तरी त्याने नुसत्या मताने वाद मिटवला नाही. फुटक्या तव्याच्या तुकड्यांवर पाच रंग लावून पाचही चुलीवर ठेवले. शिंगांचा लाल पहिल्या जाळातच पापडासारखा फुगला. शेवटी टिकला तो जिनिंगच्या धुराड्याला देतात तो रुपेरी. हिंमतरावांनी तुकडा नखाने खरवडून पाहिला आणि ते "बरं" म्हणाले. मी त्यांच्याविरुद्ध दोन निवडणुका बोललो आहे, त्यांच्या तोंडून तो शब्द मला एकदाही काढता आला नव्हता.

रंग जिथे लागू नये तिथे कागद चिकटवावा लागतो. त्यासाठी त्याने माझे 'यंत्रयुग आणि आपले खेडे' हे पत्रक वापरले. त्याच्या चारशे प्रती माझ्याकडे उरल्या होत्या. पट्ट्या कापून, कणकेची खळ लावून त्याने त्या बसवल्या. माझे विचार इतके घट्ट कुठेही चिकटले नव्हते. मग रंगवलेल्या सांडश्या गोधडीत गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन मेहकरला नेल्या आणि एका बेकरीच्या भट्टीत, पाव काढल्यानंतरच्या उबेत, रंग पक्का होईपर्यंत भाजल्या. (दुसऱ्या दिवशी मेहकरचे टोस्ट जरा वार्निशाकडे झुकले होते असे ऐकतो.)

बसवल्यावर नळ्यांतली हवा काढायची होती. त्याला दोन माणसे लागतात. एक खाली स्क्रूपाशी, एक पायडलवर. पायडलवर मी बसलो. बसल्या बसल्या मी श्रम आणि विज्ञान या विषयाला हात घातला, तर गाडीखालून आवाज आला, "इंद्रभानभाऊ, तोंड बंद करा अन् पाय चालवा." त्यानंतर दोन तास माझ्या आयुष्यात तीनच शब्द होते: दाबा, धरा, सोडा. मी सभा गाजवणारा माणूस, पण इतक्या थोड्या शब्दांत इतके काम झालेले मी पाहिले नाही. संध्याकाळी गाडी शाळेच्या मैदानावर पळवली. उकंडरावाने जमिनीवर चुन्याची रेघ मारली होती. गाडी वाऱ्यासारखी आली आणि रेघेवर थांबली. पुढे नाही, मागे नाही. तारांमधून सांडश्या चांदीच्या वाळ्यांसारख्या लकाकत होत्या. उकंडराव सगळ्यांना सांगत होता, "गाडीचा सारा भार हेच झेलते. बैलाचा खांदा तशी ही सांडशी." हे वाक्य लक्षात ठेवा.

आणखी एक वाक्य लक्षात ठेवा. पंधरा ऑगस्टला झेंड्यासमोर मी दीड तास बोललो होतो. विषय यंत्र. शेवट असा केला होता की बायाबापड्यांच्याही डोळ्यांत पाणी आले: "यंत्र हा नव्या महाराष्ट्राचा बैल आहे! ज्या हातांनी बैलाचा खांदा शेकता, त्याच हातांनी यंत्राचाही मान राखा!" पहिल्या रांगेत हिंमतरावांच्या आई, सत्यभामाबाई, बसल्या होत्या. वय सत्तरीपुढे, हाडांवर नुसती कातडी, पण कान शाबूत. त्या मान डोलावत होत्या. मला फार बरे वाटले होते.

आता पोळा. ताई तिकडे जाऊन विसरली नसेल, पण आमच्याकडे तोरणाखालून पहिल्यांदा जाण्याचा मान वामनराव पाटलांच्या जोडीचा, पणजोबांपासून. या वंशपरंपरेच्या मानावर मी बारा वर्षे आग ओकतो आहे आणि बारा वर्षे पाटलांची जोडी पहिली जाते आहे. हिंमतराव हे या पाटलांचे चुलतभाऊ (घराणे एकच, पाटीलकी वामनरावांकडे), दोघांत विस्तव जात नाही. ठरले असे होते की बैल गेल्यावर, सर्वांत शेवटी गाडी जाईल. उताराच्या वर, देशमुखांच्या दारातून, आम्ही निघालो. हिंमतराव चक्रावर, शेजारी मी (प्रगतीचा अर्थ लोकांना समजावून सांगायला), बॉनेटवर बैलाची झूल, दिव्यांना घुंगरांच्या माळा. खाली तोरण, तोरणाशी पाटलांची जोडी, ढोल वाजताहेत. हिंमतरावांनी थांबायला पाय दाबला. गाडी थांबली नाही. त्यांनी दोन्ही पाय दाबले. मागची चाके बिचारी अडवत होती, म्हणून गाडी पळाली नाही, पण पुढची ऐकेनात. हातब्रेकचे नाव माझ्या ओठांवर होते, पण त्या क्षणी मला फक्त विशेषणे आठवली. अगदी बैलाच्या चालीने, शांतपणे, झुलीसकट, आम्ही गावातल्या साऱ्या लोकांसमोरून, पाटलांच्या जोडीच्या नाकासमोरून, तोरणाखालून गेलो आणि पाणवठ्याच्या चिखलात टेकलो. तोरण माझ्या गळ्यात होते. बारा वर्षांत जे माझ्या जिभेला जमले नाही ते उताराने केले, आणि खरे सांगतो, मला मुळीच आनंद झाला नाही. कारण ढोल थांबले होते, आणि पुढच्या चाकांतून लग्नाच्या पंगतीसारखा कढलेल्या तुपाचा वास येत होता.

पाटील गरजले, "हिंमत, मुद्दाम तोडलं तू तोरन!" हिंमतराव दचकले. मुद्दाम म्हणावे तर भावकीत दावा. त्यांनी वळून पाहिले आणि म्हणाले, "ब्रेकच लागला नाही. उकंड्याचं काम कच्चं." झाले. दोन मोठ्या माणसांच्या मधोमध एक कारागीर उरला. पाटलांनी उद्या चावडीपुढे सभा लावली आहे. तिथे हिंमतराव हेच बोलणार. मग शेड तर गेलीच, पण ब्रेक न लागणाऱ्या माणसाकडे फटफटी तरी कोण नेईल?

त्या दिवशी चाक काढताना मी उकंडरावाजवळ होतो. तबकडीवर हळदीच्या चार बारीक रेघा होत्या. बोटांच्या. इतकी बारीक बोटे गावात एकाच माणसाची आहेत. खांदशेकणीच्या, म्हणजे पोळ्याच्या आदल्या, संध्याकाळी हिंमतरावांच्या म्हातारीने आधी बैलांचे खांदे हळद-तुपाने शेकले. मग तिने वाटी घेऊन गाडीकडे येऊन, तारांतून हात घालून, गाडीचा 'खांदा' शेकला आणि बैलांना म्हणतात तसे गाडीलाही म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." (हे उकंडरावाच्या बायकोने देशमुखांच्या कुंपणावरून ऐकले. तिला वाटले म्हातारी बैलाशी बोलते आहे.) मी उसळून म्हणालो, आत्ताच्या आत्ता सांगतो सगळ्यांना! उकंडराव तबकडी पुसत राहिला. "कोनाले सांगू नका. म्हातारीनं जीव लावून केलं. लोक हासतीन तिले." मी म्हणालो, आणि तुझी शेड? तो म्हणाला, "चिंच हाय नं."

भाऊजी, मी जगातल्या त्यागाच्या पुष्कळ कथा वाचल्या आहेत. त्यांत स्पिरिटचा बोळा हातात असलेला माणूस कुठे नव्हता.

मुले ठीक आहेत. आपला, इंद्रभान.

ता. क. तबकडी पुसून स्वच्छ झाली, पण सांडशीतल्या घर्षणाच्या गाद्यांनी तूप पिऊन टाकले आहे. त्या आता निकामी. तुमच्या कारखान्यात अशा विलायती गाड्या येतात. दोन्ही चाकांच्या गाद्यांचा जोड पाठवावा. सांडशीवरचा आकडा मागच्या कोऱ्या बाजूला उकंडरावाने स्वतः काढून दिला आहे. त्याला ती लिपी वाचता येत नाही, पण एकही अक्षर चुकलेले नाही.

दुसरा ता. क. 'असा मूर्ख सल्ला म्हातारीला कोणी दिला' असे तुम्ही मनात म्हणत असाल. नसाल, कारण तुम्हाला ते चार परिच्छेदांपूर्वीच कळले आहे. मला कळायला पाच दिवस लागले. आज दुपारी मी सत्यभामाबाईंना आडून विचारले, तर म्हणाल्या, "तूच तं म्हनला झेंड्यापाशी." उद्या मला उठून एक वाक्य बोलायचे आहे. शंभर सभा केल्या, पण हे एक वाक्य पाटीवर चार वेळा लिहून पुसले. पुन्हा त्यात म्हातारी येता कामा नये.

तिसरा ता. क. (रविवार, दुपार. पत्र टपालात पडायचे राहिले होते ते बरेच झाले.) सभा झाली. पाटील बोलले, हिंमतराव बोलले, उकंडराव खाली मान घालून बसला होता. मी उठलो. लोक सावरून बसले, दोघे-तिघे पाणी प्यायला निघाले. मी म्हणालो, "तबकडीला तूप मी लावलं. उकंडरावाचं काम चोख आहे." आणि बसलो. आयुष्यातले सर्वांत छोटे भाषण, आणि तेही खोटे. एवढ्यात समोरच्या आपल्या ओट्यावरून सत्यभामाबाई कडाडल्या, "काऊन खोटं बोलतं बे इंद्रभान? एवढा तुया पंजा, त्या तारांतून जाते का? चाल, घालून दाखव!"

गाडी पुरावा म्हणून बैलांनी ओढून चावडीपुढे आणलेलीच होती. आता माघार नव्हती. मी हात घातला. भाऊजी, गेला! मनगटापर्यंत गेला. मी विजयाने सभेकडे पाहिले आणि हात बाहेर काढू लागलो, तर तो येईना. ओढला, फिरवला, येईना. आधी पोरे हसली, मग बायका, मग पाटील हसले, आणि ते हसलेले पाहून हिंमतराव. म्हातारी घरात गेली, तीच वाटी घेऊन आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली, "मी लावलं. यानं सांगतलं, मी लावलं. बैलाले लावते तं गाडीले काऊन नाही? हसा आता." कोणी हसले नाही. हसणे संपले होते, आणि तिच्यावर हसायचे कोणाला सुचलेही नाही. उकंडराव तूप घेऊन माझ्याजवळ बसला. पण माझ्या मनगटाला लावण्याआधी त्याने खिशातून माझे एक पत्रक काढले आणि तबकडी व सांडशी नीट झाकून घेतली. मी कळवळत होतो, तरी तो एक कोपरा पुन्हा दाबून बसवत होता. मग तूप. हात सुटला.

हिंमतरावांनी तिथेच शेडीची किल्ली दिली. पाटील जाता जाता म्हणाले, "उकंडराव, माया ट्रॅक्टरचा ब्रेक पाहून देजो." उकंड्याचा उकंडराव झाला. पुढच्या पोळ्याला तोरणाचा मान कोणाचा, यावर मी बोलणारच आहे, पण मनगटाची सूज उतरल्यावर.

शेवटचा ता. क. शेडीचे उद्घाटन दिवाळीआधीच्या रविवारी. उकंडरावाची एकच अट आहे. भाषण तुम्ही करायचे, दोन मिनिटे, आणि मी पायडलवर बसायचे. तेव्हा ताईला घेऊन अवश्य यावे. ताईला आणायला मी बैलगाडी पाठवतो. तुम्हाला आणायला मात्र हिंमतराव स्वतः ती विलायती गाडी घेऊन मेहकरच्या स्टँडवर येणार आहेत, आणि ते आता कोणाचे ऐकत नाहीत. म्हणून हात जोडून सांगतो, भाऊजी, तुम्ही मागून या, गाद्या आधी पाठवा.